माल कधी घट्ट, कधी पातळ आणि क्यूबचे रिझल्ट वर-खाली: सिमेंटचा ब्रँड बदलण्याआधी माप तपासा

प्रॉब्लेम असा असतो बघा. घराचा स्लॅब आहे, एका गोणीचा मिक्सर लावलाय, सिमेंट एकाच लॉटचं, खडी एकाच क्रशरची, मिस्त्री तोच, आणि तरी सकाळी माल (कालवलेलं काँक्रीट) घट्ट पडतोय, अकराच्या सुमारास मस्त चाललाय, आणि जेवणानंतर एकदम पातळ, खडी खाली बसतेय आणि वर पाणी तरंगतंय. सेंट्रिंग काढल्यावर एका बीमला हनीकोंब (खडी उघडी पडलेल्या पोकळ जागा) दिसतं, दुसरीकडे स्लॅबच्या वरच्या थराची पावडर सुटते, क्यूबचे (ताकद तपासायला त्याच मालातून भरलेले ठोकळे) सात दिवसांचे आकडे आले की एक सेट १७ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर, दुसरा १२, तिसरा परत १६. मग मालक पुढच्या स्लॅबला सिमेंटची कंपनी बदलतो आणि पुढच्या स्लॅबला परत तेच.

माझं स्पष्ट मत आहे की साइटवर कालवलेल्या मालात हा घोळ बहुतेक वेळा सिमेंटचा नसतोच, मोजण्याचा असतो. सिमेंट तर उलट सगळ्यात बरोबर मोजलं जातं, कारण ५० किलोची गोण फोडली की अख्खी आत जाते. चुकतं ते वाळूत आणि पाण्यात, आणि ही दोन्ही मापं एकमेकात गुंतलेली आहेत म्हणून एक चुकलं की दुसरं आपोआप चुकतं.

पण शोधाशोध सुरू करण्याआधी क्यूबचे आकडे एकदा नीट बघा. एका सॅम्पलचे तीन क्यूब असतात, एकाच घाणीतले, म्हणजे मिक्सरच्या एकाच खेपेतले. त्या तिघांचं ॲव्हरेज काढा आणि एखादा क्यूब ॲव्हरेजपेक्षा १५ टक्क्यांहून जास्त वर किंवा खाली असेल तर ते सॅम्पल आयएस ४५६ (काँक्रीटचा भारतीय कोड) प्रमाणे धरतच नाहीत. अशा वेळी दोष बहुधा क्यूब भरण्यात असतो, साचा ढिला, ठोकणं कमी, नाहीतर क्यूब उन्हात पडून राहिलेले. पण तिन्ही क्यूब आपसात जुळतायत आणि सकाळचा सेट एक सांगतोय, दुपारचा सेट दुसरंच, तर मग मिक्सरपाशी जे मोजलं जातंय तिथे बघायचं. बाकी पोस्ट त्याबद्दलच आहे.

आधी बरोबर माप किती ते पक्कं करू. एम२० (२८ दिवसांनी २० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर ताकदीचं काँक्रीट) म्हणजे साइटच्या भाषेत १:१.५:३, सिमेंट:वाळू:खडी. एक गोण सिमेंट म्हणजे ३५ लिटर धरतात. म्हणून फरमा (मोजायचा खोका) ३५ लिटरचा करायचा, आतून ४० सेंटिमीटर लांब, ३५ रुंद, २५ उंच, गुणाकार करून बघा, बरोबर ३५ लिटर येतो. एका गोणीला दीड फरमा वाळू आणि तीन फरमे खडी. आयएस ४५६ मधे हेच वजनात दिलंय, एम२० नॉमिनल मिक्सला (लॅबच्या डिझाइनशिवाय ठरावीक प्रमाणात केलेला माल) एका गोणीमागे कोरडी वाळू आणि खडी मिळून २५० किलो आणि पाणी जास्तीत जास्त ३० लिटर. दीड फरमा कोरडी वाळू साधारण ८४ किलो भरते, तीन फरमे बेसाल्टची खडी १५५ च्या आसपास, म्हणजे बेरीज २४० पर्यंत जाते, तक्त्याच्या आकड्याशी जुळतं. पाण्याबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा, त्याच कोडात टिकाऊपणाचा वेगळा तक्ता आहे आणि त्यात अगदी सौम्य वातावरणातल्या आरसीसीलाही पाणी-सिमेंट रेशो (पाण्याचं वजन भागिले सिमेंटचं वजन) ०.५५ च्या वर जायचा नाही, म्हणजे गोणीला साडेसत्तावीस लिटर. मी २७ च धरतो.

(कोकणात, गोव्यात समुद्राजवळ बांधत असाल तर हे माप तुमच्यासाठी नाहीच. किनाऱ्याच्या हवेला कोड किमान एम३० आणि ०.४५ रेशो मागतो, आणि १:१.५:३ टाइप नॉमिनल मिक्स एम२० पर्यंतच चालतं. तिथे लॅबमधून मिक्स डिझाइन करून घ्या आणि वजनावरच माल करा.)

आता घमेलं. फरमा साइटवर असतो, पण पहिल्या तासानंतर तो बाजूला पडतो आणि घमेल्यांचा हिशोब सुरू होतो, इतकी घमेली वाळू, इतकी घमेली खडी. घमेल्यात वाईट काही नाही, पण एकाच साइटवर चौदा इंची आणि सोळा इंची दोन्ही घमेली फिरत असतात, काही पत्र्याची पोचे पडलेली, काही प्लॅस्टिकची, आणि भरणारे हात वेगळे. सकाळी ताज्या दमाने शीग लावून भरलेलं घमेलं आणि चार वाजता थकलेल्या माणसाने भरलेलं घमेलं यात जो फरक आहे तो प्रत्येक घाणीत पाच-सहा वेळा मिळवला की फरमाभर मालाचा मोठा हिस्सा इकडचा तिकडे होतो. बिगाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही, त्याला कोणी माप दिलेलंच नसतं. फरमा वापरायचाच नसेल तर निदान सगळी घमेली एका साइजची आणा, सपाट भरलेली किती घमेली एका फरम्यात जातात ते तिथेच सगळ्यांसमोर मोजा आणि तो आकडा खडूने मिक्सरवर लिहा. दुसऱ्या साइटवरचा आकडा इथे चालणार नाही. हॉपरचा मिक्सर असेल तर आणखी सोपं आहे, फरम्याने मोजून एकदा खडी ओता, ती जिथपर्यंत आली तिथे ऑइल पेंटची रेघ मारा, मग वाळू ओता, दुसरी रेघ. रेघ काही वजनकाटा नाही पण नजरेच्या अंदाजापेक्षा शंभर पटीने बरी.

आणि एक दिवसासाठी भाड्याने प्लॅटफॉर्म काटा मिळतो तो आणाच. एक फरमा वाळू आणि एक फरमा खडी प्रत्यक्ष किती किलो भरते ते बघा, विशेषतः क्रश सँड (क्रशरवर दगड फोडून केलेली वाळू) असेल तर, कारण नदीच्या वाळूच्या आणि क्रश सँडच्या फरम्याच्या वजनात बऱ्यापैकी फरक निघतो आणि पुस्तकातला आकडा तुमच्या क्रशरला लागू पडेलच असं नाही.

आता मुख्य गोष्ट, ओली वाळू. मी साइटवर गेलो की पहिल्यांदा वाळूच्या ढिगात कोपरापर्यंत हात घालतो. वरची वाळू कोरडी, आत दमट, तळाला ओली, हे तिन्ही एकाच ढिगात असतं, आणि फावडं कुठे लागतंय त्यावर माल बदलतो. कारण दमट वाळू फुगते. प्रत्येक कणाभोवती पाण्याचा पातळ पापुद्रा बसतो आणि तो कणांना एकमेकांपासून लांब धरून ठेवतो, त्यामुळे वाळू तेवढीच पण जागा जास्त. पाच टक्क्यांच्या आसपास ओल असली की मध्यम वाळू २० ते ३० टक्के फुगते, बारीक वाळू त्याहून जास्त. गंमत म्हणजे अजून पाणी पडलं आणि वाळू पूर्ण भिजली की फुगवटा परत उतरतो, त्यामुळे पावसात निथळणारी वाळू आणि मे महिन्यातली कोरडी वाळू आकारमानात सारखीच, मधली दमट वाळू फसवते.

हिशोब करून बघू. तुम्हाला कोरडी वाळू हवी दीड फरमा, म्हणजे साडेबावन्न लिटर. वाळू २५ टक्के फुगलेली असेल आणि तुम्ही तेच दीड फरमे टाकले तर प्रत्यक्षात ४२ लिटरचीच वाळू गेली, साधारण १६-१७ किलो कमी. मग मालात खडी वरचढ होते, माल खरबरीत, थापीखाली बसत नाही, सळ्यांमधून उतरत नाही. मिक्सरवाला काय करणार, पाणी वाढवतो. त्याने वाळूची उणीव भरत नाही, फक्त सिमेंटचं दूध पातळ होऊन सेंट्रिंगच्या फटीतून निघून जातं, आणि ज्या जागी हनीकोंब टाळायचं म्हणून पाणी टाकलं तिथेच हनीकोंब पडतं. हे चक्र मला सगळ्यात जास्त दिसतं आणि यात सगळ्यांचा हेतू चांगलाच असतो.

फुगवटा मोजायला लॅब लागत नाही, पाच-दहा मिनिटांचं काम आहे. सरळ बाजूची काचेची बरणी घ्या, त्यात वाळू हलकेच सोडून २०० मिलिमीटर उंचीपर्यंत भरा, दाबायची नाही. ती वाळू बाहेर काढून ठेवा, बरणीत अर्धं पाणी घ्या, वाळू परत आत टाका, सळीने ढवळा, हवेचे बुडबुडे जाऊ द्या, बसू द्या. आता उंची किती आली? १६० आली तर २०० भागिले १६० म्हणजे १.२५, वाळू २५ टक्के फुगलेली आहे, म्हणून दीड फरम्याला सव्वापट म्हणजे जवळजवळ १.९ फरमा वाळू टाकायची. १८० आली तर ११ टक्के. क्रश सँडमधे डस्ट असते, ती वर गढूळ थर करून बसते, तो थर वाळूत धरू नका. सकाळी एकदा, जेवणानंतर एकदा, आणि नवीन डंपर उतरला की परत एकदा.

दुसरी बाजू पाण्याची. तीच दमट वाळू आपल्यासोबत पाणी घेऊन येते. ८४ किलो वाळूत ५ टक्के ओल म्हणजे ४ लिटर पाणी, जोरदार भिजलेल्या वाळूत साडेसात टक्के धरा, ६ लिटर. हे पाणी बादलीत दिसत नाही म्हणून कोणी मोजत नाही. एकूण २७ लिटर हवं असेल तर दमट वाळूच्या दिवशी मिक्सरमधे २३ च टाकायचं, भिजलेल्या दिवशी २१. बिगाऱ्याने रोजच्या सवयीने २७ टाकलं तर प्रत्यक्षात ३३ झालं, आणि वर पाइप धरून "थोडंसं" म्हणून तीन लिटर सोडलं की ३६. रेशो ०.५४ वरून ०.७२ वर गेला. इथे ढोबळमानाने एक तृतीयांश ताकद गेली असं धरायला हरकत नाही, आणि तीसुद्धा सिमेंटची एक चिमूटही कमी न करता.

पाणी वाढलं की ताकद का जाते हे मिस्त्रीला समजावून सांगा, ते ऐकतात. सिमेंटला रासायनिक क्रियेसाठी स्वतःच्या वजनाच्या साधारण २३ टक्केच पाणी लागतं, जेलच्या (त्या क्रियेतून तयार होणाऱ्या पदार्थाच्या) बारीक छिद्रात अडकणारं धरलं तरी ३८ च्या आसपास. म्हणजे ५० किलोच्या गोणीला १९ लिटर. बाकीचं पाणी आपण फक्त माल हलावा म्हणून टाकतो, ते नंतर उडून जातं आणि जाताना पोकळ नळ्या मागे सोडतं. डफ अब्राम्सने १९१८ साली शिकागोच्या लुईस इन्स्टिट्यूटमधे ढीगभर चाचण्या करून हेच मांडलं की पूर्ण ठोकलेल्या काँक्रीटची ताकद मुख्यतः पाणी-सिमेंटच्या प्रमाणावर ठरते.

"पूर्ण ठोकलेल्या" हे दोन शब्द मात्र सोडू नका. काही इंजिनियर इतके पाण्याच्या मागे लागतात की माल कोरडा ठणठणीत करून ठेवतात आणि तो सळ्यांच्या जाळीत व्हायब्रेटरनेही बसत नाही. मालात पाच टक्के हवा अडकून राहिली तर ताकद तीस टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकते, म्हणजे पाणी वाचवून जे कमावलं ते पोकळीत घालवलं. म्हणून माल किती सैल आहे ते मोजणारा स्लंप कोन साइटवर पाहिजे, महाग नाही. ३०० मिलिमीटर उंच, तळाला २००, वर १००, तीन थरात भरायचा, प्रत्येक थराला १६ मिलिमीटरच्या सळीने २५ वेळा ठोकायचं आणि कोन सरळ वर उचलायचा, माल जितके मिलिमीटर खाली बसला तो स्लंप. साध्या स्लॅब-बीमला २५ ते ७५, दाट लोखंडाच्या ठिकाणी ५० ते १००. दिवसभर आकडा एका जागी राहतोय का हे बघणं महत्त्वाचं, कारण वाळू-खडी तीच असताना स्लंप अचानक वाढला म्हणजे कुठूनतरी पाणी वाढलंय.

जिथे खरंच जास्त वाहणारा माल हवा तिथे दोनच सरळ रस्ते आहेत. एक प्लास्टिसायझर (पाणी न वाढवता माल सैल करणारं रसायन), कंपनीच्या डब्यावर गोणीमागे जेवढे मिली लिहिलेत तेवढेच आणि तेही मापाच्या झाकणाने, अंदाजे धार सोडून नाही, जास्त पडलं तर काही प्रकारात माल तासन् तास धरतच नाही. दुसरा, पाण्यासोबत सिमेंटही वाढवा, कोडही हेच सांगतो. अडीच लिटर पाणी जास्त लागणार असेल तर साडेचार किलो सिमेंट जास्त.

आता वेळेप्रमाणे लक्षणं बघू, यावरून कारण पटकन सापडतं.

सकाळची पहिली घाणी खडीच खडी दिसते: मिक्सरचा ड्रम कोरडा असतो, सिमेंट-वाळूचा काही भाग ड्रमला आणि पात्यांना चिकटून राहतो. माप चुकलेलं नाही. पहिल्या घाणीला थोडं सिमेंट-वाळू जास्त टाका आणि तो माल कॉलमला वापरू नका.

जेवणानंतरची पहिली घाणी पातळ: मिक्सर धुतल्यावर पाणी पूर्ण काढलं नव्हतं. ड्रम उलटा करून निथळू द्या.

दुपारी उन्हात माल झपाट्याने घट्ट होतोय: तापलेली कोरडी खडी पाणी पिते, बेसाल्टची खडी स्वतःच्या वजनाच्या टक्का-दीड टक्का सहज पिते, १५५ किलोला दोन लिटरभर. आदल्या संध्याकाळी खडीवर पाणी मारून ठेवा आणि ढीग झाका. उन्हात घट्ट झालेल्या मालावर स्लॅबवर उभं राहून बादली ओतणं हे तर कधीच नको, ते पाणी नीट मिसळतही नाही.

पाऊस येऊन गेला आणि माल पातळ: वरचा हिशोब. वाळूवर ताडपत्री आणि ढीग जरा उंचवट्यावर, म्हणजे तळाचं पाणी निथळेल. सुरुवात करण्याआधी ढीग फावड्याने दोनदा उलटापालटा करा, ओल सगळीकडे सारखी होते, एवढ्यानेसुद्धा मालातला चढउतार खूप कमी होतो.

नवीन डंपर आला आणि मालाचा स्वभावच बदलला: वाळू जास्त बारीक किंवा डस्ट जास्त असेल, नाहीतर खडीत १० मिलिमीटरचं प्रमाण वाढलं असेल. बारीक माल जास्त पाणी मागतो. पाणी न वाढवता वाळू किंचित कमी करून खडी तेवढी वाढवून बघा, स्लंप घ्या.

एकाच घाणीत अर्धा माल घट्ट, अर्धा पातळ: मिसळण्याचा वेळ कमी. किमान दोन मिनिटं ड्रम फिरला पाहिजे, पाती झिजली असतील तर त्याहून जास्त. स्लॅब लवकर उरकायच्या घाईत मिक्सर अर्ध्या मिनिटात ओतला जातो, मोबाइलवर टायमर लावून उभे रहा.

पाण्याचं माप पाइपने होत नाही हे वेगळं सांगायला नको, पण बादलीनेही आपोआप होत नाही. पेंटची वीस लिटरची बादली काठोकाठ भरली तर वीसपेक्षा जास्त पाणी घेते. लिटरच्या बाटलीने मोजून बादलीत दहावर आणि वीसवर आतून खूण करा, त्या खुणेच्या जरा वर बारीक भोकं पाडली तर उत्तम, जास्तीचं पाणी आपोआप सांडून जातं आणि कोणाशी वाद घालावा लागत नाही. मिक्सरपाशी पाइप ठेवूच नका, पाणी साठवणीच्या पिंपातून बादलीनेच घ्यायचं.

अर्ध्या गोणीची घाणी शक्यतो टाळा. फोडलेल्या गोणीतलं मोकळं सिमेंट फुलतं, घमेल्याने मोजलेलं अर्धं खरं अर्धं नसतं. करावीच लागली तर काट्यावर २५ किलो करा.

संध्याकाळी एक हिशोब करायचा, याने दिवसभराचं माप बरोबर होतं का ते कळतं. १:१.५:३ च्या एका गोणीतून साधारण ०.१३३ घनमीटर काँक्रीट निघतं. हजार स्क्वेअर फूट स्लॅब पाच इंची म्हणजे ११.८ घनमीटर, बीम सोडून, म्हणजे ८८-९० गोण्या लागायला पाहिजेत. ७५ मधे उरकलं तर आनंद मानू नका, एकतर स्लॅब पातळ झालाय नाहीतर वाळू-खडी शीग लावून जास्त पडलीये. ९४-९५ लागल्या तर बहुधा फुगलेल्या वाळूमुळे प्रत्येक घाणीत वाळू कमी पडली आणि माल कमी निघाला, म्हणजे मालकाचे पैसेही गेले आणि माल खरबरीत झाला तो वेगळाच.

आरएमसी (प्लँटवरून तयार येणारं काँक्रीट) मागवणाऱ्यांना वाटतं आपल्याला हे लागू नाही. प्लँटवर वजनकाट्यावर माप होतं, खरं आहे, पण साइटवर पंपवाला म्हणतो माल अडकतोय आणि ६ घनमीटरच्या गाडीत ६० लिटर पाणी सोडलं जातं. घनमीटरला ३४० किलो सिमेंट धरलं तर रेशो ०.४५ चा ०.४८ झाला, आणि सोडलेलं पाणी ६० होतं की १२० हे कोणीच मोजलेलं नसतं. गाडी आल्या आल्या स्लंप घ्या, कमी असेल तर प्लँटला फोन करून त्यांच्या माणसाकडून ॲडमिक्श्चर (प्लास्टिसायझरसारखं रसायन) टाकून घ्या, चलनावर लिहून घ्या.

आणि क्यूब भरताना प्रत्येक सेटवर नुसती तारीख लिहू नका. वेळ, त्या घाणीला टाकलेलं पाणी, वाळूचा त्या वेळचा फुगवटा आणि स्लंप, हे चार आकडे वहीत क्यूबच्या नंबरसमोर लिहा. सात दिवसांनी १२ आला तर वही उघडून कळेल की ती दुपारी तीनची घाणी होती, स्लंप १४० होता, आणि पुढच्या स्लॅबला नेमकं कुठे उभं राहायचं ते ठरवता येईल. माल अजून टाकायचा बाकी असेल आणि हातात एकच गोष्ट करण्याइतका वेळ असेल तर बरणीतला वाळूचा फुगवटा आधी मोजा.